करडा डबा किती वीज पितो

बंदर कार्यालयातल्या साहेबांनो, तुम्ही खोटं लिहिलंत. सहीशिक्क्यानिशी लिहिलंत. त्या एका ओळीपायी एका बोटीवरचा माणूस चोर ठरला आणि पिशवी उचलून चालता झाला. पाण्यावरच्या लोकांची भांडणं पाण्यातच बुडतात, असं तुम्हाला वाटलं असेल. हे बुडालं नाही. ऐका.

बाहेरच्या धक्क्याला किनाऱ्याची वीज पोचत नाही. तिथे एक जुनी शिडाची बोट बांधलेली असते. तिच्यावर एक वायरमन आणि त्याची बायको राहतात. त्यानं सव्वीस वर्षं लोकांच्या घरांत दिवे लावले. ती शिवणवाली, शिडं आणि बोटींची कापडी आच्छादनं शिवते. मुलगी लग्न होऊन गेली, तसं दोघांनी राहतं घर विकलं आणि ही बोट घेतली. सहा महिने समुद्रात फिरायचं, सहा महिने या धक्क्याला थांबून कामं करायची. नातेवाईक म्हणाले, साठीला अजून पाच वर्षं आहेत, बुद्धी आताच नाठी झाली काय? हे दोघं हसले आणि दोर सोडून निघाले.

बोटीवरची सगळी वीज उन्हाची. मागच्या टोकाला पाइपांची कमान उभारून तिच्यावर दोन पॅनल, आणि दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर एकेक. बसवताना वायरमन आठ दिवस बोटीच्या पोटात पालथा पडून वायरी ओढत होता आणि ती वरून टॉर्च धरून शिव्या खात होती. डोलकाठीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर जरी पडली तरी सगळी रांग झोपते, हे तिला तेव्हा कळलं. "आमच्या सासूबाईंसारखंच," ती म्हणाली होती, "एक रुसलं की अख्खं घर उपाशी."

मग उन्हाच्या तालावर राहायची सवय झाली. शिलाई मशीन अकरा ते दोन. पाण्याचा पंप दुपारी. इस्त्रीचं नावच काढायचं नाही. रोज सकाळी पॅनलवरचं मीठ आणि पक्ष्यांची घाण ओल्या फडक्यानं पुसायची. आभाळ आलं की शिलाई बंद. दोन वर्षं बॅटरीनं एकदाही दगा दिला नव्हता.

गेल्या वर्षी तुमचा डबा आला.

करडा, वहीएवढा, सरळ केबिनच्या भिंतीला ठोकलेला. बोट कुठे आहे ते कार्यालयाला कळावं, सुरक्षेसाठी, असं सांगितलं. सोबतच्या पत्रात ती ओळ: "सदर उपकरणाचा वीजवापर नगण्य आहे." तुमच्या माणसानं डब्याची केबल थेट बॅटरीला जोडली, दोन्ही टोकांना शिशाचं सील ठोकलं, सील तुटलं की बोटीवर राहायचा परवाना गेला असं बजावलं आणि चहा पिऊन तो निघून गेला.

पाठोपाठ नवा नियम. किनाऱ्याची वीज न घेणाऱ्या बोटींची न सांगता तपासणी, सकाळी सहाला. बॅटरी निम्म्याच्या वर हवी, कारण बोटीत शिरलेलं पाणी उपसणारा पंप कधीही चालू व्हायला हवा. तीनदा नापास झालं की परवाना रद्द, बोट क्रेननं उचलून जमिनीवर. जमिनीवरच्या बोटीत राहायला बंदी. घर तर विकून बसलेले.

पहिल्याच तपासणीत ते नापास झाले.

"असं होऊच शकत नाही," वायरमन म्हणाला. त्यानं वहीत आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. "येते तेवढी मोजली. जाते ती वायर न वायर मोजली. फ्रिज, पंप, दिवे, तुझं मशीन. रात्रीतून बॅटरीचा पाचवा हिस्सा जातो कुठे?"

"आणि तो डबा?"

"तो तर सगळ्यात आधी बघितला." त्यानं क्लॅम्प मीटर दाखवला. चिमट्यासारखं तोंड उघडून वायरीभोवती धरायचं, आतून वाहणारी वीज मीटर सांगतो, काही तोडायला लागत नाही. "डब्याच्या केबलला हा धरला. शून्य. पत्रात लिहिलंय ते खरं आहे."

"मग?"

वायरमननं नुसती हनुवटी पुढच्या केबिनच्या दाराकडे केली.

पुढच्या केबिनमध्ये तिचा धाकटा भाऊ राहत होता. त्याचं काम सुटलं, तेव्हा तीन महिन्यांपूर्वी, डबा बसला त्याच सुमारास आला होता. आता बर्फाच्या कारखान्यात दुपारपाळीला जायचा. रात्री उशिरा परतायचा, तेव्हा ही दोघं झोपलेली असायची.

"तो माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

"मी कुठे म्हटलं तुझा काका आहे? पण रात्री आपण झोपल्यावर इथे जागं कोण असतं, सांग."

संशय हा बोटीत शिरणाऱ्या पाण्यासारखा असतो. कुठून आला दिसत नाही, पाय ओले झाले की कळतं. वायरमननं प्रत्येक सॉकेटवर चिकटपट्टीचा गोल तुकडा लावला, कोणी काढला तर समजावं म्हणून. भावाच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

"दाजी, सॉकेटांना टिकल्या लावल्यात," जेवताना तो म्हणाला. "लग्न ठरलं का त्यांचं?"

"धूळ जाऊ नये म्हणून," वायरमन ताटाकडे बघत म्हणाला.

"हां, धूळ. समुद्रात फार धूळ."

ती हसली. हसली खरी, पण दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेल्यावर तिनं त्याच्या केबिनमध्ये जाऊन त्याची पिशवी उपसली. लहानपणी ज्याचं नाक पुसलं, त्याची. दोन शर्ट, दाढीचं सामान, औषधाची पट्टी. चार्जर नव्हताच, तो कारखान्यात ठेवलेला असणार. आणि तळाशी हातानं दांडी फिरवून पेटवायची टॉर्च, नवी कोरी. म्हणजे या बोटीवरचा दिवासुद्धा तो लावत नव्हता. त्याला कधीपासून कळलं होतं, कोण जाणे.

तिनं सगळं होतं तसं भरून ठेवलं. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगायचं तर पिशवी उघडली हे कबूल करावं लागलं असतं.

दुसरी तपासणी झाली. पुन्हा नापास. निरीक्षकानं कागदावर शिक्का मारला आणि जाताना म्हणाला, "आता एकच राहिली हं."

एरवी मेहुण्याला अरे-तुरे करणारा वायरमन त्या सकाळी अहो-जाहोवर आला. "मेहुणे, काय लावता ते एकदा सांगून टाका. हीटर म्हणा, काय म्हणा. मी रागावणार नाही. पण ही बोट गेली तर आम्ही रस्त्यावर आहोत."

भाऊ उठून उभा राहिला. मग तिच्याकडे वळला. "ताई?"

तिला टॉर्च आठवत होती. एक वाक्य पुरलं असतं. ती ताट पुसत राहिली. कोरडं झालेलं ताट पुन्हा पुन्हा.

पंधरा मिनिटांत तो पिशवी घेऊन धक्क्यावरून गेला. वायरमननं सॉकेटांवरच्या टिकल्या काढल्या आणि म्हणाला, "आता बघ."

बघितलं. सलग चार दिवस सकाळी बघितलं. बॅटरी तेवढीच खाली.

"जाताना कुठेतरी काहीतरी लावून गेला असेल," वायरमन म्हणाला.

"कुठे, आभाळात?" ती म्हणाली. "अहो, लाज वाटू द्या."

त्यावर त्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. ती टॉर्च धरून बसली. फ्रिजची पाळी आली. त्यानं लाल आणि काळी वायर बोटांनी वेगळ्या केल्या आणि मीटरचं तोंड फक्त लाल वायरीभोवती बंद केलं.

"एकच का धरता? दोन्ही धराव्यात ना, लवकर होईल."

"दोन्ही धरल्या तर शून्य दिसणार," तो सवयीनं म्हणाला. "एकीतून जाते, दुसरीतून परत येते. एकमेकींना खाऊन टाकतात. शेंबड्या पोरालाही कळतं हे. माझ्या हाताखाली कोणी असं केलं असतं तर मी त्याचा कान..."

तो थांबला.

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो भिंतीकडे बघत होता. डब्याची केबल तिथून खाली उतरत होती, करडी, गोल, अंगठ्याएवढी जाड, एकच वायर असल्यासारखी. तिच्या आत जाणारी आणि येणारी, दोन्ही होत्या. सव्वीस वर्षांचा वायरमन. त्यानं मीटर त्या अख्ख्या केबलभोवती धरला होता. शून्य दिसलं, कारण शून्यच दिसणार होतं. त्यानं ते लगेच मानलं, कारण पुढच्या केबिनमध्ये मेहुणा होता.

"अगं," तो इतकंच म्हणाला.

ती उठली आणि शिवणाच्या डब्यातून टाके उसवायचं छोटं पातं घेऊन आली. "सील टोकांना आहे ना? मधे तर नाही?"

"केबलला हात लावला तरी ते म्हणतील..."

"म्हणू देत."

कापडाचं अस्तर उसवावं तसं तिनं केबलचं वरचं आवरण बोटभर उसवलं. आतल्या वायरीला ओरखडाही नाही. लाल आणि काळी, दोन्ही समोर आल्या. वायरमननं लाल वायरीभोवती मीटर धरला. आकडा आला: तीन पूर्णांक एक अँपिअर. तिनं फोनवर त्याचा फोटो काढून ठेवला. रात्रभर तेवढी वीज जात राहिली तर बॅटरीचा पाचवा हिस्सा जातो. बरोबर तेवढाच.

"बोट कुठे आहे हे सांगायला याच्या विसाव्या हिश्शाचीही गरज नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "मग हा बाकीची घेऊन करतो काय?"

तीन पूर्णांक चार. पुन्हा तीन पूर्णांक एक.

"तुम्ही बोललात तेव्हा आकडा वर गेला," ती म्हणाली.

"बोट हलली असेल."

बोट हलली असेलही. पण दोघंही त्यानंतर खुणांनीच बोलत होते. स्वतःच्या घरात, नवराबायको. मग वायरमननं तिला हाताला धरून बाहेर उन्हात नेलं आणि तिथे कुजबुजला, "हे बघ. आवरणाला टेप लावतो. कमानीवर अजून एक पॅनल बसवतो. डबा काय पितो ते पिऊ दे. पास होऊ, परवाना टिकेल. गप बसू."

"म्हणजे ऊन आपण गोळा करायचं आणि त्यांना पोसायचं."

"परवाना टिकेल, म्हणतोय ना."

"आणि माझा भाऊ? तो चोरच राहू दे?"

वायरमन टेप आणायला आत गेला. त्याबद्दल त्याला थोडं माफ करायला हरकत नाही. तुम्हाला नाही.

ती बर्फाच्या कारखान्यात गेली. भाऊ लाद्या ढकलत होता, हातात रबरी मोजे. तिनं सगळं सांगितलं, पिशवीचंसुद्धा. त्यानं ऐकून घेतलं.

"डबा सापडला म्हणून मी साव," तो म्हणाला. "नसता सापडला तर, ताई?"

"चल ना घरी."

"दाजींनी मोजण्यात चूक केली, ते समजू शकतो मी. तू तर मोजलंही नाहीस." त्यानं लादी पुढे ढकलली. "जा तू. पाय भिजतायत तुझे."

ती तिथून तडक बंदर कार्यालयात गेली. घरी जाऊन नवऱ्याला विचारलं नाही. दोन नंबरच्या खिडकीपुढे रांग होती, तिच्या पुढे बाहेरच्याच धक्क्याचे तिघं जण. एका म्हाताऱ्या खलाशाच्या हातात तोच शिक्का मारलेला कागद होता.

"तुमचीही सकाळी बॅटरी बसते?" तिनं विचारलं.

"बसते ना. मी सुनेला बोल लावतोय. ती केस वाळवते."

तिची पाळी आली. तिनं मीटरचा फोटो उघडून फोन खिडकीतून आत सरकवला आणि सांगितलं: तुमचा डबा वीज खातो, नंतर तुमचाच निरीक्षक येऊन वीज कमी आहे म्हणून शिक्का मारतो. कुंपणच शेत खातं, वर शेताला दंड.

कारकुनानं फोटो बघितला. "केबलचं आवरण कापलेलं दिसतंय."

"मी कापलं. सील शाबूत आहेत, येऊन बघा."

"छेडछाड आहे ही." त्यानं खणातून एक गुलाबी फॉर्म काढला. परवाना रद्द करण्याचा. "बोटीचा नंबर?"

 नवरा आता बोटीवर कमान पुसत असेल. कठड्याला धरून ती उभी राहिली.

"नंबर देते. आधी ते पत्र काढा."

"कुठलं पत्र?"

"डब्यासोबत दिलेलं. त्यात लिहिलंय, वीजवापर नगण्य आहे."

"लिहिलंय ना? मग आहे नगण्य. बाई, मागे रांग आहे."

"रांगेला घाई नाही," मागून म्हातारा खलाशी म्हणाला. "आम्हालाही ऐकायचंय."

काचेपलीकडचे मोठे साहेब उठून खिडकीपाशी आले. काय गडबड आहे, त्यांनी विचारलं. कारकुनानं सांगितलं. साहेब तिच्याकडे बघून समजुतीनं हसले. अर्ज लिहून द्या, म्हणाले, वर पाठवू, चौकशी होईल, तोपर्यंत फॉर्म भरून घ्यावाच लागेल, नियम आहे.

"भरा," ती म्हणाली. "माझं नाव भरा, नवऱ्याचं भरा, बोटीचा नंबर भरा. आमची सगळी नावं आहेत तुमच्याकडे. आता मला एक नाव द्या. नगण्य आहे, असं ज्यानं लिहिलं, त्यानं मोजून लिहिलं का? मोजलं असेल तर कुठल्या बोटीवर, कुठल्या दिवशी, कुठली वायर धरून? आकडा किती आला?"

साहेबांनी कारकुनाकडे बघितलं. कारकुनानं फॉर्मकडे.

"मोजलं नसेल तर तसं सांगा. आणि मोजून, आकडा माहीत असून लिहिलं असेल, तर तो डबा आमच्या घरात बसून काय करतो तेही सांगा. तुमच्या कागदावर विश्वास ठेवून मी माझा भाऊ घालवलाय. मी इथून हलणार नाही. मोजलं कोणी? बोला."