कपाटावरचा अर्धा ठसा

ठसे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझ्या मामाला सगळे ‘भिंग’ म्हणत. गुन्ह्याच्या जागी सापडलेला बोटाचा ठसा आणि संशयिताचा ठसा शेजारी ठेवायचे, नि लिहायचं: जुळतो, जुळत नाही किंवा सांगता येत नाही. एकतीस वर्षं त्याने एवढंच केलं. निवृत्तीला चार महिने उरले होते. त्याची नजर त्याच्याबरोबर जाऊ नये म्हणून मी, त्याची भाची, संगणकाला ठसे जुळवायला शिकवत होते. मामाच्या चार हजार जुन्या फायली मी त्याला उत्तरांसकट दिल्या. शंभरातली शहाण्णव उत्तरं मामासारखीच यायला लागली. साहेबांनी चारचौघांत शाबासकी दिली, आणि खोटं कशाला बोलू, मी हवेत होते.

मग एका रंगाऱ्याचं अपील आलं. घरफोडीत एक म्हातारा मारला गेला होता. कपाटावर अर्धा ठसा मिळाला, मामाने ‘जुळतो’ लिहिलं, आणि रंगारी सात वर्षं तुरुंगात होता. मी त्या घरात गेलोच नाही, हे त्याचं एकच पालुपद. न्यायालयाने आमच्याकडे नव्याने मत मागितलं.

“संगणकालाच विचारा,” साहेब म्हणाले. “तो काही कुणाचा नातेवाईक नाही.”

संगणकाने उत्तर दिलं, जुळतो.

अहवाल छापायला टाकला आणि लगेच थांबवला. हीच जोडी मी त्याला शिकवताना दिली होती. पठ्ठ्याने मामाचं उत्तर पाठ म्हणून दाखवलं होतं. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार. ती फाईल वगळून मी त्याला पहिल्यापासून शिकवलं, त्यात दोन दिवस गेले. आता उत्तर आलं: सांगता येत नाही.

साहेबांकडे जाण्याआधी मी एक आगाऊपणा केला. वीस जुन्या जोड्या, नावं आणि पोलिसांची पत्रं काढून, मामापुढे ठेवल्या.

“मामा, जरा बघून दे ना. मशीनची चाचणी आहे.”

अर्ध्या ठशापाशी तो बराच वेळ थांबला. “हे कुठून उचललंस? निम्मा तर डाग आहे. सांगता येत नाही. याला जुळतो म्हणणाऱ्याचे डोळे तपासायला पाहिजेत.”

मी मूळ फाईल पुढे केली. खाली सही त्याचीच होती.

“म्हणजे चाचणी माझी होती?”

“हो.”

“मामाची परीक्षा घेतेस?”

मला रडू येत होतं, तरी मी पुन्हा हो म्हटलं.

त्याने फाईल उघडली. सगळ्यात वर, नेहमीप्रमाणे, पोलिसांचं पत्र टाचलेलं होतं: आरोपीने गुन्हा कबूल केला आहे, ठसा जुळतो का ते कळवावे. आमच्याकडे आधी पत्र वाचायचं, मग ठसा बघायचा, अशीच रीत होती. त्या रीतीत कधी कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं.

“कबुली त्याने नंतर मागे घेतली,” मी म्हणाले.

“मला ते कुणी कळवलं नाही. आणि कळवायला तरी कशाला हवं होतं? मला ठसा बघायचा होता.”

त्याने कागद ओढला. ‘माझे मत चुकीचे असण्याची शक्यता आहे,’ असं लिहिलं, वाचलं आणि खोडलं. खाली लिहिलं, ‘माझे मत चुकीचे होते.’

साहेब धावत आले. “भिंग, चार महिने राहिलेत. कशाला हात दाखवून अवलक्षण?”

“त्याची सात वर्षं गेली,” मामा म्हणाला आणि सही केली.

साहेब कागद घेऊन गेले. मामा मात्र जागचा हलला नाही.

“बाकीच्या फायलींवरही पत्रं होतीच की.”

“होती.”

“मग आणखी किती जण आत असतील?”

मला माहीत नव्हतं. संगणकाला विचारण्यातही अर्थ नव्हता, त्याला मामानेच शिकवलं होतं.

“पत्रं काढ,” मामा म्हणाला. “पहिल्या वर्षापासून घे.”