चढावरची पंगत

या, असं जवळ सरकून बसा. आवाज चढवून सांगायची ही गोष्ट नव्हे. दोन बायांची आहे, एका डोंगराची आहे आणि चार धपाट्यांची.

रत्नमाला जटवाड्याच्या डोंगरात एका दगडावर बसून बुटाची नाडी सोडत होती. दवानं आणि घामानं गाठ अशी आवळली होती की नख शिरेना. समोर सगीरा जागच्या जागी पाय हलवत उभी होती.

"दातानं सोडू का?"

"गप गं. सुटती आता."

"बाई, आपल्या मागून निघालेल्या मेंढ्या पण पुढं गेल्या."

नाडी सुटली. रत्नमालेनं दोन्ही बूट काढून पाठीमागं सारले, मांडी घातली, धपाट्याचा एक तुकडा मुंग्यांसाठी बाजूला ठेवला आणि मग पहिला घास घेतला. सगीरानं तिचं धपाटं उभ्याउभ्याच संपवलं होतं.

रत्नमालेचं माहेर पाचोडकडचं, मेंढरांमागं हिंडणारं. रानात ऊन कितीही तापलेलं असो, तिचे वडील भाकरीचं फडकं सोडण्याआधी पायातल्या वहाणा काढून लांब ठेवायचे. अन्नापुढं वहाण नको, एवढंच म्हणायचे. वडील गेले, नेम लेकीकडं राहिला. शिवणयंत्रावर ब्लाउज शिवताना, कीर्तनाला रात्र जागवताना त्या नेमाचा कधी कुणाला त्रास झाला नव्हता. पण आता दोघींनी पन्नास किलोमीटरची डोंगरातली शर्यत मनाशी धरली होती. अशा शर्यतीत पाय थांबू न देता थोडं थोडं पोटात ढकलावं लागतं. नाहीतर पुढच्या चढावर माणूस वातीसारखा विझतो.

त्या रविवारी दोघी हर्सूल तलावाशी पोचल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांचा सराव घेणारे तात्यासाहेब, निवृत्त पीटी मास्तर, पाण्याचे कॅन टेम्पोत चढवत होते.

"रत्नमालाबाई, दर वेळी पंगत मांडायची असेल तर लहान शर्यत पळा. त्यातही मान आहे. पुढच्या रविवारी शेवटची चाचणी. साडेदहाच्या आत इथं आलात तर मोठी, नाहीतर लहान."

"आणि मी?" सगीरानं विचारलं.

"तू आजही आली असतीस वेळेत."

"ही लहान तर मी बी लहान."

तात्यासाहेबांनी हात झटकले. सगीरा हसली, पण रत्नमालेला हसू आलं नाही.

बुधवारी ती गुलमंडीत हबीबभाईंच्या दुकानात अस्तराचं कापड आणायला गेली. सगीराचा हा नवरा एरवी गिऱ्हाइकाशी कापडाशिवाय बोलायचा नाही. त्या दिवशी तो एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला थान उलगडून दाखवता दाखवता सांगत होता, "पचास किलोमीटर, चाचा. पहाड में. हमारी घरवाली." म्हाताऱ्यानं विश्वास बसला नाही म्हणून मान हलवली, तर हबीबभाईंनी रत्नमालेकडं बोट केलं. "पूछो इनको."

रत्नमालेनं मान डोलावली आणि अस्तर न बघताच घडी घालून पिशवीत टाकलं.

कीर्तनात बुवा एकदा म्हणाले होते, नेम आपल्या अंगावर असावा, दुसऱ्याच्या खांद्यावर नसावा. तेव्हा तिनं इतरांबरोबर टाळी वाजवली होती. आता बसथांब्यावर उभं राहून ती त्याच वाक्याशी झुंजत होती.

चाचणीच्या दिवशी पहिली टेकडी उतरताच सगीरा म्हणाली, "मी जरा पुढं निघते गं. तू तुझ्या दमानं ये."

"जा की. माझी वाट नको बघू."

रत्नमालेला बरं वाटलं. अखेर ही बाई स्वतःची शर्यत पळायला लागली. सगीराची हिरवी ओढणी वळणाआड गेली तशी तिनं कमरेच्या पिशवीतून धपाटं काढलं. चालता चालताच ते कपाळाला लावलं. पायांत बूट होते. तिनं वडिलांची, देवाची, एकाच दमात माफी मागितली आणि घास तोंडात कोंबला. तो फिरत राहिला, खाली उतरेना. पाण्याच्या घोटाबरोबर तिनं तो ढकलला. मग दुसरा. डोळ्यांत पाणी आलं, पण पाय थांबले नाहीत. सबंध धपाटं खाऊन तिनं पदराच्या सवयीनं बाहीला तोंड पुसलं. थोड्या वेळानं गुडघ्यांत जीव आला आणि ती चढाला लागली.

वरच्या सपाटीवर कडुनिंबाखाली ओढणी अंथरलेली होती. सगीरा अनवाणी मांडी घालून बसली होती. तिचे बूट पार लांब, झाडाच्या पलीकडं. ओढणीवर धपाटी, खजूर, मीठ लावलेले बटाटे.

"ये, बस," सगीरा धापा टाकत म्हणाली. "जीव तोडून पळत आले. सगळं आधीच मांडून ठेवलंय, तुझा तेवढा वेळ वाचंल."

रत्नमाला उभीच राहिली.

"बघत काय राहिलीस? मुंग्यांचा तुकडा बी टाकला मी. त्या आल्या पण."

रत्नमाला खाली बसली. आज नाडी पटकन सुटली. तिनं बूट पाठीमागं सारले आणि सगीरानं पुढं केलेलं धपाटं दोन्ही हातांनी घेतलं.

"नीट खा. तोंड का वाकडं करतीस? तिखट झालं?"

"नाय गं. लई चांगलं झालंय."

तिनं शेवटचा कण संपवला. वर दोन बटाटेही खाल्ले, कारण सगीरा ते सोलून हातात देत होती.

शेवटच्या चढाला रत्नमाला पुढं आणि सगीरा मागं, असं पहिल्यांदाच घडलं. तलावाशी पोचल्या तेव्हा तात्यासाहेबांनी घड्याळ बघितलं, मग झटकून पुन्हा बघितलं. साडेदहाला अजून अवकाश होता.

"काय केलंत आज?"

"बसून जेवलो, सर," सगीरा म्हणाली. "जोडे काढून, मांडी घालून. खाल्ल्यावर ही कशी सुटली सांगू, मला धरवेना. मी तर म्हणते, हिचाच कायदा बरोबर आहे."

"मग शर्यतीतही बसा," तात्यासाहेब म्हणाले.

रत्नमालेनं बोलायला तोंड उघडलं. पण सगीरानं तोवर नवऱ्याला फोन लावला होता. "अजी सुनो, बड़ी वाली. हौ, दोनों."

रत्नमालेनं पाण्याची बाटली तोंडाला लावली.

शर्यत झाली. दोघी वेळेत आल्या, हात धरून आल्या. वाटेत दोनदा ओढणी अंथरली गेली, बूट लांब गेले, मुंग्यांना त्यांचा वाटा मिळाला. आणि मधल्या चढांवर रत्नमाला मुद्दाम जराशी मागं रेंगाळत होती. कमरेच्या पिशवीत हात घालायची, हाताला लागेल ते कपाळाला लावायची, चालता चालता संपवायची. मग वर जाऊन, भुकेली असल्यासारखी, पुन्हा जेवायची.

सगीराला यातलं काही ठाऊक नाही. गुलमंडीत भेटलीच कधी, तर बोलू नका. फक्त आज घरी जोडे काढून ताटावर बसाल, तेव्हा पहिल्या घासाआधी त्या दोघींची आठवण काढा.