आमच्याकडे मास्तर तीनदा वारलेत

आमच्या कारखान्याचे मालक, मास्तर, आतापर्यंत तीनदा वारलेत. एकदा हृदयविकाराने, एकदा बसखाली, आणि तिसऱ्यांदा काय सांगितलं ते शिलाईवरच्या सोराइदाला आठवत नाही. फोनवर हो, फोनवर. त्रुहियो शहरातल्या एल पोर्वेनिर वस्तीत बुटांचा धंदा करायचा म्हणजे खंडणीवाल्यांचे फोन येणारच. ते आधी तुमचं पूर्ण नाव घेतात, मग आईचं, मग राहता कुठे, शिकता कुठे. म्हणून मास्तरांचा नियम असा, की अनोळखी नंबर उचलायचा नाही, आणि उचललाच तर ज्याला विचारतील तो मेला म्हणून सांगायचं. मेलेल्याकडे कोणी काही मागत नाही.

आता या नियमात माझ्यासारखीने नोकरी शोधायची कशी? नोकरीचा फोन काय ओळखीच्या नंबरावरून येतो?

सकाळी सात ते चार मी बुटांना सोल चिकटवते. सहापासून संस्थेत हिशेबनिसाचा वर्ग. मधल्या दोन तासांत त्रुहियोभर पिवळ्या फायली वाटत फिरते. आत अर्ज, अर्जावर फोटो, फोटोत काळा कोट. कोट स्टुडिओवाल्याचा, तो सगळ्यांना तोच चढवतो. अशा एकतीस फायली दिल्या. हे शेवटचं सत्र आहे, आणि कुठल्यातरी ऑफिसात सहा महिने काम केल्याचा कागद आणला नाही तर संस्था पदविका देत नाही. तीन वर्षं पाण्यात. सोल चिकटवल्याचा कागद त्यांना चालत नाही, मी विचारून पाहिलंय.

एरवी मला फोन करणारं कोणी नाही. डोंगरात आमच्या गावी रेंज नाही. रविवारी आई रेंजसाठी टेकडी चढते आणि धापा टाकत दहा मिनिटं बोलते. तिचा फोन उचलला की माझा आवाज घोगरा निघतो, शनिवार दुपारपासून वापरलेलाच नसतो. याचा मला राग येतो. कोणावर काढायचा ते कळत नाही.

अर्जात मी लिहायचे, फोन कृपया बारा ते एक करावा. जेवणाच्या त्या सुट्टीत ताट घेऊन एकटी गच्चीवर बसायचे, फोन मांडीवर.

"कोणाची एवढी वाट बघतेस गं, नवऱ्याची?" शिलाई मशीनवरून सोराइदा विचारायची.

"नवऱ्याचा असता तर उचललाच नसता," मी म्हणायचे.

गेल्या सोमवारी फोन अकरालाच वाजला. अनोळखी नंबर. हात सोल्युशनने बरबटलेले, तरी करंगळीने उचलला.

"एदेल्मिरा पारेदेस रोहास?" पुरुषाचा आवाज, संथ.

मी सोराइदाकडे बघितलं.

"आईचं नाव खुस्तिना. राहणार बाजारामागे, हिरव्या दाराचं घर. संध्याकाळी संस्थेत असता. बरोबर?"

सोराइदाने मशीन थांबवलं. याला आईचं नाव माहीत होतं.

"ती वारली," मी म्हणाले.

पलीकडे कागदांची सळसळ थांबली. मग, "कधी?"

"शुक्रवारी."

"अरे देवा. काय झालं होतं?"

खंडणीवाले असं कधी विचारत नाहीत. शिवी घालून ठेवून देतात.

"कोणाला कळलंच नाही," मी म्हणाले. "एकटीच राहायची."

"फार वाईट झालं. अक्षर किती सुंदर होतं हो तिचं. मी चामड्याच्या गोदामातून बोलतोय. उद्यापासून तिला ऑफिसात घेणार होतो. आईला सांभाळा तिच्या." आणि त्याने ठेवला.

उलटा फोन लावला तर लागेना. मास्तर म्हणाले, "बघतेस काय पोरी, पळ." मी अंगातल्या एप्रनसकट पळाले.

गोदामातले साहेब, उल्देरिको त्यांचं नाव, टेबलापाशी बसले होते. समोर शांबार, इथलं दर सोमवारचं डाळी-गव्हाचं सूप, न ढवळलेलं. बाजूला माझी फाईल, नावापुढे पेन्सिलने मेलेल्याचा क्रूस काढलेला.

"मी एदेल्मिरा," मी म्हणाले.

त्यांनी फोटो पाहिला, मग मला. रागावले नाहीत. "चूक माझी. आधी गोदामाचं नाव सांगायला हवं होतं. आम्हालाही येतात तसले फोन."

"मग उद्या येऊ?"

"यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावलं मी. पहिल्या घंटीला उचलला तिने."

"तिला नाही म्हणून सांगा ना."

हे बोलले, आणि स्वतःचीच लाज वाटली. साहेब खोडरबर घेऊन क्रूस पुसत बसले. "तीही फोन मांडीवर घेऊनच बसली असेल," ते म्हणाले. मला माहीत होतं.

निघताना मी म्हटलं, "साहेब, सूप निवतंय तुमचं."

"मघापासून घास उतरत नव्हता," ते म्हणाले आणि चमचा उचलला.

चारपर्यंत सोल चिकटवले, सहाला वर्गात जाऊन बसले. मंगळवारी बत्तिसावी फाईल दिली. रविवारी टेकडीवरून आईचा फोन आला.

"कोणाचा फोन आला का गं?"

"आला होता. एका साहेबांचा."

"काय म्हणाले?"

"माझ्यासाठी त्यांना फार वाईट वाटलं, आई. जेवण गेलं नाही त्यांना."

"अगं, पण का?"

वाऱ्यात तिची धाप ऐकत मी फोन कानाला धरून बसले.