ड्रायव्हरची गादी

"वाकडं लागलंय," मी म्हणाले.

"सरळ आहे," नेव्हिल म्हणाला.

तो आमच्या मोटारहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, पुढच्या दिव्यासमोर गुडघे टेकून बसला होता. समुद्रापलीकडे उजव्या बाजूने गाडी चालवायची म्हणजे आपल्या दिव्यांचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून दिव्यांवर काळे तुकडे चिकटवावे लागतात. एक तुकडा भलत्याच कोपऱ्यात लागला होता. दुसरा अर्धा काचेवर आणि अर्धा पत्र्यावर होता.

"नेव्हिल, अर्धा पत्र्यावर आलाय."

"कागदावर दाखवलंय तसंच लावलंय मी."

कुंपणापलीकडून डेनिसचं डोकं वर आलं. डेनिस आमचा शेजारी. तो अकरा वेळा फ्रान्सला जाऊन आलाय आणि त्या अकराही सहली आम्हाला पाठ आहेत.

"काय रे, डोळे मिटून लावलेस का?" डेनिस म्हणाला. "आणि मी तेव्हाच सांगितलं होतं, साडेतीन टनांच्या आतली गाडी घे म्हणून."

"तू तुझी झुडपं काप," नेव्हिल म्हणाला, आणि नवऱ्याच्या कानाची पाळी लाल झालेली मला दिसली. मला वाटलं डेनिसचा राग आला असेल. डेनिसचा राग सगळ्यांनाच येतो.

तो बुधवार होता. शनिवारी संध्याकाळी आमच्या हल शहराच्या बंदरातून रॉटरडॅमची बोट सुटणार होती, आणि आमच्या घरात तीन आठवडे एकही वाक्य सरळ बोललं गेलं नव्हतं. नेव्हिलच्या याद्या फ्रिजवर, याद्या आरशावर, एक तर संडासाच्या दाराच्या आतून लावलेली. चहाच्या पुड्या दोनशे चाळीस. 'हॉलंडात चहा मिळतो रे,' म्हटलं तर म्हणे, 'त्याला चहा म्हणत नाहीत.' मी सांगितलं की आता मांस आणि दूध पलीकडे नेऊ देत नाहीत, तेव्हा हा माणूस मांस भरलेल्या पोर्क-पाईंचा डबा हातात घेऊन स्वयंपाकघरात असा उभा राहिला, जणू मीच तो कायदा केला होता. माझ्या नाकीनऊ आले होते. पण मी गप्प होते, कारण ही सहल त्याची होती.

नेव्हिल अडतीस वर्षं बस चालवत होता. हल ते हेसल, हेसल ते हल. तेच पाच मैल, तेच थांबे, त्याच म्हाताऱ्या आणि त्यांच्या त्याच पिशव्या. निवृत्त झाल्यावर तो एकदाच म्हणाला होता, "पॉलिन, मला एकदा अशा रस्त्याने गाडी चालवायचीय, जिथं शेवटचा थांबाच नाही." पुढे बरीच वर्षं त्याने तो विषय काढला नाही. मग एकोणसत्तराव्या वर्षी जाऊन त्याने गाडी आणली, ती जवळजवळ चार टनांची. लहान का नाही, विचारलं तर म्हणाला, "खोकं चालवायला मी काय पाववाला आहे?"

ड्रायव्हरच्या सीटवर त्याने पहिल्याच दिवशी आपली गादी नेऊन ठेवली. तपकिरी, चौकोनी, मध्ये दबलेली. डेपोतला प्रत्येक ड्रायव्हर आपली गादी आणायचा आणि उतरताना काखेत मारून घरी न्यायचा. दुसऱ्याच्या गादीवर कुणी बसत नसे. नेव्हिलच्या गादीला मी चार खोळी शिवल्यात, पण तिच्यावर मी कधी बसले नाही.

गुरुवारी मी कागदपत्रांची फाईल करायला घेतली. शाळेच्या कचेरीत सव्वीस वर्षं मी लोकांचे फॉर्म तपासले आहेत. कागद उलटून मागची बाजू बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"तुझा परवाना दे."

"फाईलमध्ये ठेवला की."

"नाही ठेवलास. दे."

त्याने पाकिटातून कार्ड काढलं, नवंकोरं. मे महिन्यात त्याला सत्तर पूर्ण झाली तेव्हा बदलून आलेलं. मी ते उलटं केलं. मागे गाड्यांची छोटी चित्रं असतात. माझ्या कार्डावर मोटारीच्या खाली ट्रकचं चित्र आहे. त्याच्या कार्डावर ती ओळच नव्हती.

"नेव्हिल, ट्रक कुठं गेला?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. आणि मला एकदम सगळं दिसलं. वाढदिवसानंतर त्याने गाडी एकदाही बाहेर काढली नव्हती. डिझेल महाग झालंय, म्हणत होता. आणि ते वाकडे लागलेले काळे तुकडे.

"सत्तरीला तो आपोआप जातो," तो म्हणाला. "साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांचा. परत हवा असेल तर डॉक्टरकडून तपासून घ्यायचं."

"मग घ्यायचं होतंस!"

"घेतलं." त्याने डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "हा नापास झाला. साधी मोटार चालेल म्हणाले. मोठी नाही."

"कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे! आणि तू तोंडात मूग गिळून चहाच्या पुड्या मोजत बसलास? सांगणार कधी होतास मला, रॉटरडॅमला उतरल्यावर?"

"कोण तपासतंय, पॉलिन? अडतीस वर्षांत माझ्या गाडीने एका माणसाला खरचटलं नाही."

"मग आता खरचटवायचंय का?"

हे मी बोलायला नको होतं. बोलले. त्याचा चेहरा इतका उतरला की मला माझीच लाज वाटली. तो उठला, फ्रिजवरची यादी काढली आणि घडी घालून खिशात ठेवली. "तिकिटं रद्द करतो," म्हणाला.

माझं डोकं सटकलं. खोटं बोलल्याचा राग होताच, पण त्याहून जास्त राग त्या घडी घालण्याचा आला.

"काही रद्द नाही करायचं. माझ्या कार्डावर ट्रक आहे. विम्यात माझं नाव आहे. मी चालवते."

"तू?" तो हसला, आणि हसला ते बरं नाही केलं. "बाजारात ती एवढीशी मोटार लावताना तीनदा मागं-पुढं करतेस तू!"

"कारण तू शेजारी बसलेला असतोस!"

शुक्रवारी सकाळी सातला आम्ही रोपवाटिकेच्या रिकाम्या आवारात होतो. गाडी तिथपर्यंत डेनिसने आणून दिली. तो तीन वर्षांनी लहान आहे आणि हे त्याने वाटेत दोनदा सांगितलं. वळायच्या जागा दाखवायला त्याने बादल्या मांडल्या. मी पहिल्याच वळणाला एक बादली चिरडली.

"आरसा! डावा आरसा बघ!" नेव्हिल बाहेरून ओरडला. "लवकर वळतेस! अगं, मागचा भाग येतोय! ब्रेक नव्हे, ब्रेक नव्हे!"

दुसरी बादली गेली. डेनिसने नेव्हिलकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं मत स्वतःजवळ ठेवलं. मी गाडी बंद केली, काच खाली केली. घाबरले होते मी. ही गाडी घेऊन उद्या बोटीत शिरायचं आणि परवा परक्या देशात उलट्या बाजूने चालवायची, या विचाराने रात्रभर झोप लागली नव्हती. पण ते त्याला सांगितलं असतं तर घडी घातलेली यादी खिशातच राहिली असती.

"नेव्हिल, हेसलच्या थांब्यावर तुझी पाळी संपली की दुसरा ड्रायव्हर चढायचा ना?"

"हो. मग?"

"त्याच्यावर तू असा ओरडायचास?"

ओरडायचा नाही, हे मला माहीत होतं. त्याचा डबा द्यायला मी कितीदा त्या थांब्यावर उभी राहिले आहे. उतरणारा ड्रायव्हर गाडीची खोड दोन वाक्यांत सांगतो, गादी उचलतो आणि चालू लागतो. मागे वळून बघत नाही. त्यानंतर एक शब्द जरी बोलला तरी तो चढलेल्या माणसाचा अपमान समजतात.

नेव्हिल शांतपणे गेला आणि चिरडलेल्या बादल्या गोळा करायला लागला. त्या दिवशी मी आणखी दोन तास चालवली. बादल्या एकूण चार गेल्या. डेनिसला नव्या घेऊन द्यायच्या आहेत.

शनिवारी दुपारी मी ड्रायव्हरच्या बाजूने चढायला गेले तर नेव्हिल तिथे आधीच उभा होता. इस्त्री केलेला सदरा, बूट चमकवलेले. दिव्यांवरचे तुकडे मी सकाळी सोलून पुन्हा लावले होते. ते त्याने पाहिले होते. गादी सीटवरच होती. मी ती त्याला द्यायला हात घातला.

"राहू दे. तू बुटकी आहेस, पुढचं दिसायचं नाही." मग तो ताठ उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "क्लच पार वर आल्यावर धरतो. डावीकडे वळताना मागचा भाग उशिरा येतो, जरा थांबून वळव. बाकी गाडी चांगली आहे."

आणि वळसा घालून डाव्या बाजूने चढून बसला.

बंदरापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. गोल चौकात मी एकाला जवळजवळ घासलं, तरी नाही. त्याचा उजवा पाय मात्र तळाशी दाबला जात होता, आणि प्रत्येक वेळी मी ब्रेक दाबण्याच्या जरासा आधी. बोटीत शिरायच्या उतारावर पिवळ्या जाकिटातला माणूस हाताने खुणा करत होता, पुढे, पुढे, अजून पुढे. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. मी डावा आरसा बघितला. जरा थांबले. मग वळवली.

हँडब्रेक ओढल्यावर मला रडू आलं. नेव्हिलने घड्याळ बघितलं.

"वेळेवर," तो म्हणाला.

गाडीच्या मजल्यावर थांबू देत नाहीत. सगळ्यांनी वर जायचं होतं. मी पिशवी घेतली, चहाचा थर्मास घेतला आणि सीटवरची गादी उचलून काखेत मारली. इतकी वर्षं त्याला तसं उतरताना पाहिलं होतं, म्हणून हात आपोआप गेला असेल. आता ती त्याला द्यावी, निदान रात्रीपुरती तरी, असं वाटलं.

त्याने ती माझ्याकडून घेतली. थोडा वेळ दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मग तिची दबलेली बाजू नीट वर करून ती सीटवर परत ठेवली आणि दार लावलं.

"असू दे तिथंच," तो म्हणाला. "सकाळी तुलाच लागेल."