पाण्याचा कबुलीजबाब

त्या रविवारी आमच्या आळीत, देवळासमोरच्या मांडवात, पाणी आपली पापं कबूल करणार होतं. ऐकायला निम्मं शिरगाव जमलं. पुढे बायका, मागे जाळ्यांची डागडुजी अर्धी टाकून आलेले पुरुष, आणि सगळ्यांत मागे केळव्याचा रस्ता चुकलेली मुंबईची एक गाडी. समुद्र कुठेही पळून जाणार नव्हता, म्हणून गाडीही थांबली.

मांडवात नीरनाथ महाराज होते. अंगात भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि माळेखाली कंपनीचं ओळखपत्र. मागे बॅनर: 'नीरनाथ दिव्य जलशुद्धी यंत्र. मोक्ष एकदाच, सर्व्हिसिंग वर्षातून दोनदा.' समोर टेबलावर काचेचे दोन पेले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात महाराजांच्या यंत्रातून निघालेलं 'शून्यजल'. पेल्यांवर एक छोटी पेटी, आणि पेटीतून खाली दोन्ही पेल्यांत बुडणाऱ्या दोन-दोन लोखंडी काड्या. पेटीची वायर देवळाच्या प्लगात.

"पाणी बोलत नाही," महाराज म्हणाले, "पण पाण्याला लाज असते. सत्यासमोर उभं केलं की ते काळं पडतं. मिथुन, बटण."

मिथुन हा शिष्य. तो बटण दाबायचा आणि बुकिंगही घ्यायचा.

बटण दाबलं. नळाचं पाणी आधी पिवळं झालं, मग गंजाच्या रंगाचं, मग हिरवट काळं. वर साय धरावी तसा चिखल तरंगायला लागला. शेजारचं शून्यजल मात्र जसंच्या तसं, पेल्यात काही आहे की नाही अशी शंका यावी इतकं स्वच्छ.

"हे तुमच्या पोटात जातं," महाराज म्हणाले. "रोज."

माझ्या बाजूच्या माणसानं घाबरून तोंडातलं थुंकून टाकलं. तोंडात पाणी नव्हतं, तंबाखू होती.

मग जो तो घरी पळाला आणि आपापलं पाणी घेऊन आला. विहिरीचं काळं पडलं. हंड्यातलं काळं पडलं. सुकी मासळी विकणाऱ्या बायडीमावशीनं आपल्या वाडीतलं शहाळं आणलं. ते तर नळापेक्षा काळं पडलं.

"वाडीजवळ मोबाइलचा टॉवर आहे का, माउली?"

"हाय ना, मागंच."

"बघा," महाराज म्हणाले, आणि गर्दीनं शहाळ्याकडे असं बघितलं जसं काही ते टॉवरशी चोरून बोलत होतं. कोणीतरी बांगड्याचं सारही घेऊन आलं. ते मात्र महाराजांनी तपासलं नाही. ते जेवले.

इथपर्यंत मी हसत होतो. मग रांगेत माझी वहिनी दिसली.

माझा भाऊ धीरज बोटीवर खलाशी. तो समुद्रात होता, आणि घरी जमनावहिनी आणि त्यांची दीड वर्षाची रिद्धी. रिद्धीला आदल्या दिवसापासून जुलाब. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर स्वाती यांनी ओआरएसच्या पुड्या देऊन सांगितलं होतं, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा आणि चमच्याचमच्यानं पाजत राहा. वहिनी तेच कालवलेलं पाणी पेल्यात घेऊन आली होती. तिला फक्त खात्री करायची होती.

मिथुननं बटण दाबलं. एवढं काळं काहीच पडलं नव्हतं, आणि इतक्या लवकर तर नाहीच. पेला उकळल्यासारखा फेसाळला. पुढच्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या.

महाराजांचा आवाज खाली आला. "माउली, हे लेकराला पाजता?"

वहिनी तशीच मागे वळली. घरी जाऊन तिनं ओआरएसचं भांडं मोरीत ओतलं, उरलेल्या पुड्याही तिथेच फोडून टाकल्या, आणि महाराजांच्या माठातलं शून्यजल आणलं. त्या माठाला एकच ओगराळं होतं आणि ते अख्ख्या आळीच्या हातांतून फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी बोईसरहून ड्यूटी संपवून आलो तर रिद्धी चटईवर पडलेली. एरवी मी दिसलो की माझी बोटं चावायला येते. डोळे खोल गेले होते. रडत होती, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. मी डॉक्टरांना फोन लावला. त्या स्कूटरवरून आल्या. त्यांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू खाली बसली, जुन्या रबरासारखी.

"ओआरएस किती दिलंत, जमनाताई?"

"एक थेंब नाय."

डॉक्टरांनी मला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं, पिशवीतून नवी पुडी काढली, घरातल्या उकळलेल्या पाण्यात कालवली आणि चमचा पुढे केला. वहिनीनं रिद्धीचं तोंड पदरात लपवलं.

"त्यात मीठ आणि साखर आहे हो. दुसरं काही नाही."

"डॉक्टरबाय, तुमी शिकलेल्या हाव. पन मी माज्या डोल्यांनी बगितला, काला कुट्ट जाला. तुमी नुसत्या सांगता. त्यानं दाकवला."

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

डॉक्टर उठल्या. "ॲम्ब्युलन्स येईपर्यंत वेळ आहे. दाखवते मीही. मिठाचा डबा कुठाय तुमचा? आणि पोरीला घेऊन चला, हे ओआरएसही."

मांडव घराला लागूनच होता. डॉक्टर गर्दीतून थेट टेबलापाशी गेल्या. "महाराज, तुमचं शून्यजल ठेवा एक पेला, नळाच्या पाण्याच्या जागी."

शिकलेलं गिऱ्हाईक बघून महाराज खुलले. "मिथुन, ताईंना दर्शन दे." काड्या बुडाल्या, बटण दाबलं, पाणी स्वच्छच. लोकांनी हात जोडले.

डॉक्टरांनी बटण बंद करायला लावलं आणि वहिनीच्या डब्यातलं चिमूटभर मीठ पेल्यात टाकून ढवळलं.

"अहो, काय करता? मिथुन, थांब."

पण मिथुनला पेल्यात काड्या दिसल्या की बटण दाबायची सवय लागली होती. त्यानं दाबलं. शून्यजल पिवळं झालं, मग गंजाच्या रंगाचं, मग काळं. वर चिखल.

"यांनी त्यात विष टाकलं," महाराज म्हणाले.

"मीठ आहे. जमनाताईंच्या घरचं."

"मिठात विष असता तं," मागून बायडीमावशी म्हणाली, "आमच्या खाऱ्या बांगड्यांनी बोईसरचा बाजार कदीच ओस पाडला असता."

डॉक्टरांनी प्लग काढला आणि पेल्यातून दोन्ही काड्या उचलल्या. एक धडधाकट होती. दुसरी झिजून दाभणाएवढी झालेली, टोकाशी कुरतडल्यासारखी. मिथुनच्या खोक्यात नव्या काड्यांची चळत होती. त्यातली एक घेऊन त्यांनी झिजलेल्या काडीशेजारी वहिनीसमोर धरली.

"दोन्ही सारख्याच होत्या. बाकीचं लोखंड कुठं गेलं?"

वहिनी काडीकडे बघत राहिली, मग पेल्याकडे.

"पेल्यात," ती म्हणाली.

"पेल्यातच. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि ही काडी खाते. तो चिखल म्हणजे काडीचा गंज. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही, म्हणून ते काळं पडत नाही. हे यंत्र घाण ओळखत नाही, क्षार ओळखतं. ते शहाळ्यात असतात, ओआरएसमध्ये भरपूर असतात. रिद्धीच्या अंगातून जुलाबावाटे तेच निघून गेलेत, आणि काल रात्रीपासून आपण तिला क्षार काढलेलं पाणी पाजतोय."

वहिनीनं ओआरएसचं भांडं ओढून चमचा हातात घेतला. तिथेच, 'मोक्ष एकदाच' या बॅनरखाली बसून, ती पोरीला ओआरएस पाजू लागली. पहिले दोन चमचे ओघळले. तिसरा रिद्धीनं गिळला. वहिनी थांबली नाही. महाराज म्हणाले, यंत्राला विश्रांती हवी. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मिथुन बॅनर गुंडाळत होता.

पालघरच्या दवाखान्यात रिद्धीला सलाइन लावलं. मी बाटलीवरचं वाचलं. मीठ आणि पाणी. महाराज असते तर त्यांनी बाटलीतही काड्या घातल्या असत्या. पहाटे पोरीनं डोळे उघडले, माझं बोट तोंडात घेतलं आणि चावली.

मी बाहेर येऊन, आमच्यासोबत आलेल्या डॉक्टरांना म्हटलं, "म्हणजे आपलं पाणी चांगलं आहे तर."

"असं मी कुठं म्हटलं?"

"तुम्हीच तर..."

"त्यानं घाण खोटी दाखवली. त्यामुळे पाणी स्वच्छ ठरत नाही. रिद्धी ज्या जंतूंनी आजारी पडली ते नळातून आले, हातातून की माशीवरून, मला माहीत नाही. पण ते त्या पेल्यात असते तरी दिसले नसते. नितळ पाण्यातही ते असतात."

"मग यंत्र घ्यायचं की नाही?"

"जंतूंसाठी उकळणं पुरतं. उन्हाळ्यात तुमच्या विहिरी खाऱ्या होतात, तेव्हा असलं यंत्र खरंच उपयोगी. पाण्यात रसायन उतरलं असेल तर उकळून ते जात नाही, तिथे योग्य यंत्र लागतं. पण हे यंत्र पेलाभर पाणी देताना त्याहून जास्त गटारात सोडतं, आणि आतली जाळी वेळेवर बदलली नाही तर जंतूंना घर मिळतं. कशासाठी घ्यायचं ते आधी कळायला हवं. त्यासाठी पाणी प्रयोगशाळेत तपासायचं. मांडवात नाही."

रिद्धी घरी आल्यावर वहिनीनं पहिलं काम ते केलं. बाटली भरून पालघरला देऊन आली. अहवाल अजून आलेला नाही. तोवर आम्ही उकळतो, आणि उकळताना मला पत्ता नसतो की आम्ही नक्की काय मारतोय आणि काय तसंच राहतंय. शेजारच्या दोन घरांत महाराजांचं यंत्र भिंतीवर आहे. त्याची नळी दिवसभर गटारात गळते आणि आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं. त्यांना काडीची गोष्ट सांगितली तर म्हणतात, "ती डॉक्टरीन बाहेरची हाय, तिला काय म्हाइती आमच्या पान्याचा."

नीरनाथही बाहेरचेच होते, हे मी सांगितलं. त्याचा काही परिणाम झाला नाही.

महाराज आता सफाळ्याच्या बाजूला आहेत म्हणे. तिकडे माझ्या ओळखीचं कोणी नाही, म्हणून हे लिहिलं. कोणी तुमच्यासमोर पाणी काळं करून दाखवलं तर पाण्याकडे बघत बसू नका, काडीकडे बघा. ती मागून हातात घ्या, नव्या काडीशेजारी धरा. देत नसतील तर चिमूटभर मीठ घेऊन जा आणि त्यांच्याच पाण्यात टाका. आणि घरात लेकरू जुलाबानं मलूल पडलं असेल तर यातलं काहीच करू नका. आधी ओआरएस पाजा, दवाखाना गाठा. काडी दुसऱ्या दिवशीही झिजलेलीच असते.