आरगॉनमधलं मेथनॉल

आलेखावर मेथनॉलचं टोक उगवलं आणि सर पडद्याजवळ सरकले. आज मेथनॉल यायलाच नको होतं. सकाळी प्रयोगशाळेत कुणी नसताना त्यांनी सेलला, म्हणजे प्रयोगाच्या बंद भांड्याला, जोडलेली कार्बन डायऑक्साइडची नळी काढून आरगॉनची लावली होती. आरगॉनमध्ये कार्बन नावालाही नसतो. मग उत्प्रेरकाने मेथनॉल बनवलं कशातून?

महिनाभर संशय कुरतडत होता. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूपासून उपयोगी मेथनॉल बनवणारा तांब्याचा उत्प्रेरक शोधण्यात सरांचं उभं आयुष्य गेलं, हाती काही लागलं नव्हतं. ही नवी मदतनीस आली आणि मेथनॉल रोज दिसायला लागलं. ती रजेवर असली, सरांनी स्वतः प्रयोग लावला, की आलेख जवळजवळ सपाट. पोरगी हुशार, कायमच्या नोकरीवर डोळा. नमुन्यात थेंबभर टाकायला कितीसा वेळ लागतो?

"आजपण आलं ना सर?" ती हात पुसत आत आली. "आता तरी चहा पाजा."

"चहाचं राहू दे. हे आलं कुठून?"

"कुठून म्हणजे? आपल्या कार्बन डायऑक्साइडमधून."

"आज तो नव्हताच." सरांनी सिलिंडरकडे बोट दाखवलं.

तिचं हसू मावळलं. "आरगॉन लावलात? मला न सांगता?"

"सांगून काय कळलं असतं? काय टाकतेस त्यात?"

"मी? सेल धुते, भरते, नमुना काढते. तुम्ही शिकवलंत तसं."

"धुतेस कशाने?"

"पाण्याने. शेवटी मेथनॉलने, लवकर वाळावा म्हणून. तुमचाच नियम आहे सर. पहिल्या दिवशी माझ्याकडून घोकून घेतलात."

सरांचा हात सेलच्या रबरी चकतीकडे गेला. स्वतःच्या पाळीला ते नुसत्या पाण्यावर भागवत. मेथनॉलच्या वासाने त्यांचं डोकं उठायचं.

दोघांनी ती चकती शुद्ध पाण्यात बुडवून ठेवली आणि ते पाणी तपासलं. तेच टोक. धुताना रबरात मुरलेलं मेथनॉल हळूहळू बाहेर पडत होतं. उत्प्रेरकाने काहीच बनवलं नव्हतं.

"माझंच चुकलं," सर म्हणाले. "संचालकांना मीच सांगतो. तुझ्यावर काही येणार नाही."

"बरं."

"अगं, आपल्या कामात संशय घ्यावाच लागतो."

"उत्प्रेरकावर घ्यायचा होता ना सर."

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. नव्या चकत्या बसवल्या, सेल पाण्याने धुतला. भरण्याआधी तिने दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या आणि रिकामा सेल उजेडात धरला.

"सर, बघून घ्या."

"भर गं तू."

"नाही, बघून घ्या." आवाजात राग नव्हता. हात तसाच पुढे होता.

सरांनी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं.