आवाज न करणारा वाडगा

सासऱ्यांना घेऊन भांड्यांच्या दुकानात जाणं हे काय दिव्य असतं, ते सूनबाईंना त्या रविवारी सकाळी कळलं. तास होऊन गेला होता. काउंटरवर स्टीलच्या वाडग्यांचा ढीग पडला होता आणि म्हातारबुवा एकेक वाडगा चमच्यानं वाजवून, कान देऊन ऐकून "नको" म्हणत बाजूला सारत होते.

हे गृहस्थ जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. नुसत्या टिकटिकीवरून कुठलं चाक अडतंय ते सांगायचे. त्यांच्याच हाताला वर्षभरापूर्वी कंप सुटला, आता याला काय म्हणावं! दोन महिन्यांपूर्वी जेवताना काचेचा वाडगा हातातून सुटला. काचा सगळीकडे, सूप सगळीकडे. कुणी चकार शब्द काढला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून हे आपल्या खोलीत दार लावून जेवायला लागले. मुलानं समजावलं, नातीनं लाडीगोडी लावली. ढिम्म! निम्मं जेवण तसंच परत यायचं. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि टेबलापाशीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून सूनबाईंचंही जेवण अर्धंच राहत होतं. शेवटी त्यांनी ठरवलं, काच फुटते म्हणून बाबा लाजतात ना, मग न फुटणारं आणू. आणि निवडायचंही बाबांनीच, म्हणजे कुरकुरीला जागा नको.

"आजोबा, ऐका तरी!" दुकानातल्या बाईंनी आणखी एक वाडगा पुढे केला. "कसा खणखणीत वाजतोय! वीस वर्षं वापरा, पोचा आला तर मला येऊन सांगा."

"वाजतोय खरा. म्हणूनच नको."

"अहो, लोक वाजवून घेतात!"

"मला न वाजणारा हवाय."

"बाबा, आपल्याला यात जेवायचंय," सूनबाई वैतागून म्हणाल्या. "याचं गाणं नाही ऐकायचं."

म्हातारबुवांनी तिकडे लक्षच दिलं नाही. खाली वाकून त्यांनी शेवटच्या फळीवरून एक जाडजूड, दुपदरी वाडगा काढला आणि चमचा मारला. टक्. बास, एवढंच. त्यांचा चेहरा उजळला. मग फरक बघायला म्हणून त्यांनी चमचा आधीच्या वाडग्यात, जेवताना धरावा तसा धरला. किणकिणकिणकिण! हात थरथरत होता, चमचा काठावर आपटत होता. दुकानातली चार माणसं वळून बघायला लागली. बाबांनी चमचा पटकन खाली ठेवला.



"बाबा, तुम्ही आत जेवता ते त्या फुटलेल्या वाडग्यामुळे नाही, हो ना?" सूनबाईंनी हळूच विचारलं.

"छे! भांडी फुटतातच की. त्याच्या आधी महिनाभर माझा चमचा वाजत होता, सूनबाई. तो वाजायला लागला की तुम्ही सगळे गप्प व्हायचात. सगळं घर माझा हात ऐकत बसायचं. एवढं कळतं मला."

सूनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीला डोळे वटारून गप्प बसवणाऱ्या त्याच तर होत्या! आजोबांना संकोच वाटू नये म्हणून.

"तो दुपदरी एकच उरलाय हं," बाई म्हणाल्या.

"माझ्यापुरता एक पुरे."

सूनबाई बालवाडीत शिकवायच्या. कविता म्हणताना एखादं मूल अडखळलं, तर त्या वर्गाला गप्प करत नसत, सगळ्यांना मोठ्यानं म्हणायला लावत. मग अडखळणारंही त्यात आपलं म्हणत राही. वर्गात सुचणारी ही अक्कल घरी कुठे शेण खायला गेली होती, कोण जाणे!

"हा राहू दे," त्या म्हणाल्या. "ते द्या. सगळ्यात जास्त वाजणारे. चार."

बाबा घरी येईपर्यंत तोंड फुगवून बसले आणि आल्या आल्या खोलीत गेले. सूनबाईंनी नवऱ्याला आणि लेकीला स्वयंपाकघरात गाठलं. "आज सूप वाजवून खायचं. हवा तेवढा दंगा करा, मी एक अक्षर बोलणार नाही." लेकीला तर आंधळा मागतो एक डोळा तसं झालं.

"बाबा, तुमचं इथंच वाढलंय!" त्यांनी हाक मारली. "निवतंय!"

तिघांनी जेवायला सुरुवात केली. नवरा ऑफिसातली भांडणं सांगत वाडग्याचा तळ खरवडत होता, लेक तर चमच्यानं ताल धरून बसली होती. बऱ्याच वेळानं चपला फरफटल्या. बाबा आले, बसले, कुणाकडे न बघता चमचा उचलला. किणकिण सुरू झाली. बोलणं थांबलं नाही, चमचे थांबले नाहीत. बाबांनी सवयीनं कान टवकारले, क्षणभर ऐकलं, आणि जेवायला लागले. वाडगा रिकामा झाला.

"काय गं कार्टे, घर आहे का कारखाना?" ते नातीवर खेकसले. "कान किटले माझे!" आणि वाडगा पुढे सरकवला. "वाढ थोडं."

वाढायला सूनबाईच उठल्या. पण बाबांनी दोन महिन्यांत पहिल्यांदाच मागितलेलं वाढताना त्यांचा हातच इतका थरथरला, की डाव वाडग्यावर किणकिणत आपटला आणि थोडं सूप टेबलावर सांडलं. ते पुसायला कुणी उठलं नाही.